सुमित्रामावशीनं सोडलेलं पाणी

"चपला काढू नको. आधी गाव पाहू, मंग चहा."

सुमित्रामावशींनी मला म्हटलेलं हे पहिलं वाक्य. बडनेऱ्याला रेल्वेतून उतरून, एसटीनं कामरगाव आणि तिथून पुढं काळीपिवळीत माणसांच्या मांड्यांमध्ये चेपून मी त्यांच्या दारात पोचले होते. एप्रिल संपत आला होता. तोंडाला कोरड पडली होती, पाठीवरच्या पिशवीत हातोडी आणि मोजमापाची उपकरणं होती, आणि ही पंचाहत्तरीकडं झुकलेली, उंच, हाडापेरानं मजबूत बाई मला पाण्याचा पेलाही न विचारता उन्हात परत बाहेर काढत होती.

गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या माणसांना एकमेकांत राहायचं आहे.

मी नाशिकच्या एका संस्थेत बांधकामाची तपासणी करते. जुने पूल, शाळांच्या इमारती, पाण्याच्या टाक्या अजून किती तग धरतील ते पाहायचं आणि अहवाल द्यायचा, हे माझं काम. त्या गावातल्या पाण्याच्या उंच टाकीसाठी मला पाठवलं होतं. गावात लॉज नव्हतं. सरपंच विलास गावंडे यांनी फोनवर सांगितलं होतं, "मॅडम, माह्या काकूकडे सोय करतो. घर मोठं हाय, बाथरूम घरातच हाय." ती काकू म्हणजे या. सरपंचाची काकू आणि साऱ्या गावाची मावशी.

तर आम्ही गाव पाहायला निघालो. मावशी पुढं, मी मागं. चालताना त्या हात मागं बांधत, एखाद्या हेडमास्तरासारखे. प्रत्येक दारासमोर थांबत. "पापड असे वाळवतेत का, कागदावर? शाई लागन ना." "ह्या म्हशीले सावली नाही का तुमच्या घरी?" लोक हसत, कपाळाला हात लावत, पण पापडाखालचा कागद निघे आणि म्हैस हलवली जाई. मी कोण, असं कुणी विचारलं की त्या बिनदिक्कत सांगत, "माह्या भाचीची मैतरीन हाय. वऱ्हाड पाहाले आली." दुसऱ्यांदा हे ऐकल्यावर मी हळूच म्हटलं, "मावशी, मी टाकी तपासायला आले आहे."

"ऐकून घे पहिले," त्या म्हणाल्या. हा त्यांचा शब्द. तो म्हणून झाला की स्वतः पुढं काही सांगायच्याच नाहीत, पण समोरच्याचं बोलणं मात्र थांबायचं.

तेलघाणी, शिंप्याचं दुकान, आलूबोंड्याची गाडी, मशीद, मारुतीचं देऊळ, दोन खतांची दुकानं, पडका कोंडवाडा. सगळं दाखवून झालं. गल्लीतून गल्लीत वळताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली. गावात कुठूनही टाकी दिसत होती. घरांच्या वर, निंबाच्या शेंड्यांच्याही वर, करड्या पांढऱ्या रंगाची. आम्ही तिला चारी बाजूंनी वळसा घातला होता, पण तिच्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर मावशी एकदाही वळल्या नव्हत्या. मान वर करून त्यांनी तिच्याकडं एकदाही पाहिलं नव्हतं.

घरी आल्यावर चहा मिळाला. मावशी चहा बशीत ओतून तशीच ठेवून देत आणि पार गार झाल्यावर एका घोटात संपवत. चहा करणारी त्यांची सून होती, वंदना. मुलगा चाकणला कारखान्यात, दिवाळीला येणारा. वंदना गावातच अंगणवाडी चालवायची. चहा देताना ती माझ्याशी हसली, सासूसमोर बशी ठेवली आणि आत गेली.

"तिले सांग," मावशी मला म्हणाल्या, "साखर जास्त झाली."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. वंदना दाराच्या आतच उभी होती.

"ताई, त्यायले सांगा," आतून आवाज आला, "रोजच्याएवढीच हाय."

असा माझा त्या घरात प्रवेश झाला. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. गावंड्यांच्या सुनेनं दुसऱ्यांच्या पोरांची नाकं पुसायची हे मावशींना पटलं नव्हतं आणि वंदनेनं नोकरी सोडली नव्हती. एरवी निरोप सांगायला घरात तिसरं कुणी नसे. तेव्हा मावशी भिंतीवरच्या दिवंगत नवऱ्याच्या फोटोकडं पाहून बोलत, असं वंदनेनंच मला सांगितलं. "आन् मी गॅसच्या शेगडीले सांगतो," ती म्हणाली. ती हसली खरी, पण त्या हसण्यात मजा नव्हती.

संध्याकाळी भाकरी थापता थापता वंदनेनं मला टाकीची गोष्ट सांगितली. सरपंचपद बाईसाठी राखीव झालं तेव्हा गावानं मावशींना निवडून दिलं, कारण नवरा कारभार बघेल अशी सगळ्यांची खात्री होती. नवऱ्याचीही होती. तेव्हा सारं गाव नाल्याच्या विहिरीवरून पाणी आणायचं. बाया पहाटे निघायच्या, उन्हाळ्यात दुसरी खेप दुपारी. टाकीची मागणी कचेरीत पडून होती. मावशी तिथं जाऊन बसायच्या. साहेब भेटायचे नाहीत. एकदा तोच साहेब दुसऱ्या कुठल्या तरी कामाला गावात आला. मावशी त्याला म्हणाल्या, "साहेब, चहा मंग. आधी गाव पाहू." आणि भर दुपारी पायी, गप्पा मारत, त्याला नाल्याच्या विहिरीपर्यंत नेलं. तिथं बाया उभ्याच होत्या. मावशींनी स्वतः एक भरलेली कळशी उचलून त्याच्या खांद्यावर ठेवली. रागानं नाही, अगदी आर्जवानं. "गावात जाऊनच राह्यलो आपन, रिकामं काहून जायाचं?" साहेब अर्ध्या वाटेत बसला. पण टाकी मंजूर झाली. पहिलं पाणी नळाला आलं त्या दिवशी बायांनी मावशींना इतके हार घातले की त्यांचा चेहरा दिसेना, आणि टाकीवर त्यांचं नाव रंगवलं गेलं.

ऐकता ऐकता माझं जेवणातलं लक्ष उडालं. म्हणजे ही बाई बाहेरच्या माणसाला गाव दाखवते ती काही पाहुणचार म्हणून नाही. मला त्यांनी आज उन्हात फिरवलं होतं. दारोदारचे नळ, नळाखालच्या भरलेल्या घागरी, अंगणातली न्हाणीघरं दाखवली होती. एक शब्द न बोलता मला काय सांगायचं ते सांगून झालं होतं. ओसरीवर मावशी बाजेवर बसून सुपारी कातरत होत्या. अडकित्त्याचा आवाज आत येत होता, आणि त्यांना आमचं बोलणं ऐकू जातंय हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

सकाळी मी एकटीच टाकीकडं गेले.

टाकीच्या खाली गावाचा आठवडी बाजार भरायचा. उन्हात तेवढीच मोठी सावली. त्या दिवशी बाजार होताच. भाजीवाल्या बाया गोणपाटं अंथरून जागा धरत होत्या. एका बाजूला, टाकीच्या खांबांपासून चार पावलांवर, वंदनेची अंगणवाडी. आतून पोरांचा गलका येत होता.

मी खांब तपासायला सुरुवात केली. पहिल्या खांबावर हातोडी मारली, आवाज ठीक आला. दुसऱ्यावर मारली आणि आवाज पोकळ आला, मडक्यावर टिचकी मारावी तसा. वरचा गिलावा बोटांनीच सुटला. आत सळया गंजून फुगल्या होत्या, काही जागी खाऊन काडीएवढ्या झाल्या होत्या. अंगणवाडीकडच्या खांबाला तर उभी भेग होती, तिच्यात माझं बोट जात होतं. मी वर पाहिलं. टाकी पूर्ण भरलेली होती. भरून वाहिल्याचे ओघळ अजून ओले होते.

मी वर पाहत असतानाच वरून सिमेंटचा एक तुकडा सुटला आणि वांग्यांच्या टोपलीत पडला. नारळाएवढा असेल. वांगी विकणारी बाई दचकली नाही. तिनं तो उचलून बाजूला टाकला. "पडत राह्यते," ती मला म्हणाली. "टोपली जराशी सरकवली का झालं."

मी सरपंचांना फोन लावला.

विलास गावंडे मोटारसायकलवर आला. मी त्याला सांगितलं, टाकी आत्ताच्या आत्ता रिकामी करा, खाली कुणी थांबू देऊ नका. तो वाईट माणूस नव्हता; घाम पुसत माझं सगळं ऐकलं त्यानं. मग म्हणाला, "मॅडम, आज बाजार हाय. लोकायले उठवलं त दंगा होईन. आन् टाकी रिकामी केली त उद्या गाव पानी काय पेईन? विहिरी आटल्या. तुमी रिपोर्ट धाडा. वरून लेखी आलं का एका दिवसात बंद करतो."

"तोवर काही झालं तर?"

"इतक्या वर्सांत नाही झालं."

टाकीचं पाणी सोडणारा बाबाराव शेजारीच उभा होता. त्यानं सरपंचाकडं पाहिलं आणि व्हॉल्व्हची लोखंडी चावी पाठीमागं धरली. मी नाशिकला साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, अहवाल ताबडतोब पाठव, संबंधितांना कळवतो, आणि गावाच्या भांडणात पडू नकोस. ते बरोबरच बोलत होते. आमच्या हातात कागदच असतो. आणि इथं माझ्या डोळ्यांसमोर बाया गोणपाटं अंथरत होत्या.

मी घरी आले. मावशी ओसरीवर तुरीची डाळ पाखडत होत्या. मी सांगायला लागले. खांब, सळया, भेग. सूप थांबलं नाही. मी अंगणवाडीकडच्या खांबावर आले तेव्हा त्या एकदम ओरडल्या, "हातोडीनं ठोकठोक केलं त ह्या भिताडाचेही पोपडे निघतीन! शिकलेल्या मानसाले कुठंही भेगाच दिसतेत!" सूप आपटून त्या उठल्या. डाळ ओसरीभर झाली. त्या बाजेवर जाऊन पाठ करून बसल्या.

मी तिथंच उभी राहिले. जावं की थांबावं ते समजेना. बाहेरून बाजाराचा आवाज वाढत चालला होता.

मग त्या बोलल्या. तोंड भिंतीकडंच होतं.

"सरळ सांग. पडते का नाही पडत?"

"आज पडेल असं मी म्हणू शकत नाही. उद्या पडेल, कदाचित दोन वर्षंही उभी राहील. पण आज पडणार नाही, असंही म्हणू शकत नाही."

"म्हनजे तुले मालूम नाही."

"नाही."

"मालूम नाही त मले काहून सांगून राह्यली?"

मावशी वळल्या. त्यांचे डोळे लाल झाले होते, पण रडलेले वाटत नव्हते.

"लेकरू हाय का तुले?"

"मुलगी आहे. चार वर्षांची."

"तिले त्या अंगनवाडीत बसवशीन का? आज? आत्ता?"

"नाही."

मावशी उठल्या. चष्मा बाजेवरच राहिला. डाळीवरून पाय देत त्या अंगणात उतरल्या आणि बाजाराच्या दिशेनं चालू लागल्या. या वेळी हात मागं बांधलेले नव्हते. मी मागून धावले.

अंगणवाडीत वंदना पोरांना खिचडी वाढत होती. सासूला दारात पाहून तिचा डाव हवेतच राहिला. मावशी त्या खोलीत आजवर कधी आल्या नव्हत्या. त्यांनी इकडं तिकडं पाहिलं, भिंतीवरची चित्रं, गोल बसलेली पोरं, आणि माझ्याकडं वळल्या. मला वाटलं, आता म्हणतील, तिला सांग. त्यांचे ओठ हललेही. पण त्या वंदनेकडं वळल्या.

"वंदना," त्या म्हणाल्या, "पोट्टे बाहेर काढ."

वंदना सासूकडं बघतच राहिली. मग तिचा चेहरा कडक झाला. "मॅडमचा फोन आल्याबिगर मी अंगनवाडी सोडू शकत नाही. सुपरवायझर मॅडमचा. नोकरी जाईन माही."

"गेली त मी पाहतो."

"तुमी काय पाहसान? तुमीच म्हनत व्हत्या ना, सोडून दे, भिकेची नोकरी हाय म्हनून?"

पोरं खायची थांबली होती. खिचडीची वाफ निघत होती. बाहेर कुणीतरी कांद्यांचा भाव पुकारत होतं. मला त्या भेगेशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं.

"म्हनलं व्हतं," मावशी म्हणाल्या. "चुकली मी. आता उठ, माय. हात जोडतो तुले."

आणि त्यांनी खरंच हात जोडले. वंदनेनं पुढं होऊन ते खाली ओढले, जवळजवळ झटकलेच. मग तिनं टाळी वाजवली. "चला रे, गाडी गाडी! फराक धरा एकमेकायचे!" पोरांची आगगाडी झाली आणि खिचडीच्या ताटल्या तशाच सोडून मावशींच्या घराकडं निघाली.

मावशी बाबारावाकडं गेल्या. "चावी दे."

"काकूबाई, सरपंचानं..."

"ऐकून घे पहिले."

त्यानं चावी दिली नाही, आणि मावशींनी मागितलीही नाही पुन्हा. त्यांनी त्याच्या हातातून ती काढून घेतली. त्या म्हाताऱ्यानं ती सोडून दिली. या बाईशी झटापट करायची त्याची छाती नव्हती. टाकीच्या पायथ्याशी लोखंडी झाकणाखाली व्हॉल्व्ह होता, टाकी धुवायच्या वेळी सगळं पाणी बाहेर काढायचा. मावशी गुडघ्यांवर बसल्या, चावी बसवली, जोर लावला. ती हलली नाही. पुन्हा लावला. त्यांच्या मानेच्या शिरा ताणल्या. आमच्या डोक्यावर ती भरलेली टाकी, आणि लोक आता भोवती जमायला लागले होते. "काय करून राह्यली मावशी?" "व्हॉल खोलते म्हनते." "येडी झाली का?" मी पुढं झाले, तर त्यांनी मला कोपरानं ढकललं. "तू दूर हो. तू सरकारी कामाची हाय. तुह्यावर येईन."

मी सरकारी नव्हते, पण मागं सरले. हे लिहिताना मला त्यात काही भूषण वाटत नाही.

इतक्यात पोरांना घरी शेजारणीच्या हवाली करून वंदना धावत परतली. काही न विचारता ती सासूच्या शेजारी बसली आणि चावीच्या दुसऱ्या टोकाला तिनं खांदा लावला. दोघी एकदम ओरडल्या. कर्रकन आवाज झाला.

आधी गंजाचं लाल पाणी, आणि मग जे सुटलं ते असं सुटलं की दोघी मागं फेकल्या गेल्या.

भर उन्हाळ्यात इतकं पाणी त्या गावानं जमिनीवर कधी पाहिलं नसेल. नाली एका क्षणात भरली, पाणी बाजारात शिरलं. मिरच्या, टमाटे, कोथिंबिरीच्या जुड्या वाहायला लागल्या. ज्या बायांनी जीव गेला तरी जागा सोडली नसती, त्या गोणपाटं आवळून, टोपल्या डोक्यावर घेऊन उंचाकडं पळाल्या. माणसं ओरडत होती, शिव्या देत होती. घराघरांतून बाया घागरी, बादल्या, पातेली घेऊन धावत आल्या आणि त्या वाहत्या, गढूळ पाण्यात बुडवायला लागल्या. पाच-दहा मिनिटांत टाकीखालचा बाजार उठला. मावशींना कुणालाही समजवावं लागलं नाही.

विलास आला. मोटारसायकल पाण्यातच आडवी टाकून तो पळत आला. "काकू! बंद करा थे! तुमच्या नावाची टाकी हाय!"

"माह्या नावाची हाय म्हनून त मी खोलली," मावशी म्हणाल्या. "दुसऱ्याच्या नावाची असती त तुह्या मागं लागली असती."

तो चावीकडं वाकला. मावशी चावीवर बसल्या. खरंच बसल्या, त्या चिखलात, लुगडं भिजवून. वंदना त्यांच्या पुढं उभी राहिली. विलासनं दोघींकडं पाहिलं, लोकांकडं पाहिलं, आणि डोक्याला हात लावून पाण्यातच उभा राहिला.

टाकी रिकामी व्हायला किती वेळ लागला सांगता येणार नाही. ऊन कलेपर्यंत मावशी तिथून हलल्या नाहीत. कुणीतरी येऊन व्हॉल्व्ह बंद करेल अशी त्यांना भीती होती. मी सारखी त्या भेगेकडं बघत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, अजून थोडा वेळ. त्यांना उठा म्हटलं तर ऐकत नव्हत्या. एक फार म्हातारी बाई कमरेवर रिकामी घागर घेऊन त्यांच्यासमोर येऊन थांबली. मग म्हणाली, "सुमित्रा, ह्याच पान्यासाठी तुले हार घातला व्हता वं आमी."

मावशींनी मान खाली घातली.

टाकी पडली नाही. ना त्या दिवशी, ना त्या आठवड्यात. ही गोष्ट मला सांगायलाच हवी, कारण गावानं ती मावशींना रोज सांगितली. टँकर यायला लागला, पण कधी येई, कधी येत नसे. बाया मावशींच्या दारासमोरून रिकाम्या घागरी वाजवत जायच्या. कुणीतरी त्यांच्या ओट्यावर शेणाचं पाणी ओतलं. ग्रामपंचायतीच्या मालमत्तेचं नुकसान केलं म्हणून तक्रार झाली; मावशींना ठाण्यात बोलावलं. तिथं त्या डबा घेऊन गेल्या, दुपारी फौजदाराच्या टेबलावरच तो उघडला आणि त्यालाही ठेचा खाऊ घातला, असं वंदनेनं मला फोनवर सांगितलं. पुढं माझा अहवाल मान्य झाला आणि तक्रार तशीच विरून गेली. विलास मात्र काकूच्या घराची पायरी चढेनासा झाला.

नाशिकला परतल्यावर मला साहेबांनी समोर बसवून बरंच सुनावलं. मी ऐकून घेतलं.

अधूनमधून मी मावशींना फोन करायची. त्या फोनवर इतक्या मोठ्यानं बोलत की माझी मुलगी दुसऱ्या खोलीतून विचारायची, कोण भांडतंय? पावसाळ्याच्या तोंडावर टाकी पाडायचा हुकूम निघाला. मशीन आलं. पाडायला अपेक्षेपेक्षा फार वेळ लागला. दोन खांब सहज गेले, पण बाकीचे हटेनात. सारं गाव बघायला जमलं होतं आणि लोक म्हणत होते, बघा, एवढी मजबूत टाकी, म्हातारीनं उगाच गाव तहानेला मारलं.

मला हे ऐकून राग आला. त्या दोन खांबांवरच सगळा प्रश्न होता; ते गेले असते तर बाकीचे कितीही मजबूत असून काय उपयोग? मी तावातावानं फोनवर हे मावशींना समजावून सांगत होते. त्या नेहमीप्रमाणे मधेच म्हणाल्या, "ऐकून घे पहिले."

मी थांबले.

"मजबूतच बांधली व्हती नं मी!" त्या म्हणाल्या. हसत होत्या की काय, कळलं नाही. फोन लगेच बंद झाला.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मला किन्हीराजाकडं एका शाळेची इमारत पाहायला जायचं होतं. संस्थेची जीप होती, बरोबर दोन वरिष्ठ. आम्ही कारंज्याच्या रस्त्यानं चाललो होतो. मी विनंती केली म्हणून ड्रायव्हरनं गाडी गावातून घेतली, पण उशीर झाला होता आणि थांबायचं नाही असं आधीच ठरलं होतं.

नवीन टाकीचं काम गावाबाहेर सुरू झालं होतं. जमिनीतून सळया वर आलेल्या दिसल्या. गावात वळणावर टँकर उभा होता आणि रस्ता बायांनी भरून गेला होता. जीपला वाट मिळेना. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी काच खाली केली.

सुमित्रामावशी टँकरच्या मागं उभ्या होत्या. टँकरचा जाड पाईप त्यांच्या दोन्ही हातांत होता. कुणी दिला होता कोण जाणे. बहुधा कुणीच नाही. कुणाची घागर आधी भरायची ते त्याच ठरवत होत्या. "ए, तुह्या घरी दोनच मानसं, मागं हो! बाळंतिनीची आधी आन!" बाया त्यांना तोंडावर शिव्या देत होत्या. एक जण म्हणाली, तुह्याचमुळं ही वेळ आली वं आमच्यावर. "हो, माह्याचमुळं," मावशी म्हणाल्या, "तू घागर धर सरळ, पानी सांडून राह्यलं." त्यांच्या पोलक्याच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या. केस सुटले होते. त्या पहिल्यापेक्षा वाळलेल्या वाटल्या.

मी हाक मारली. टँकरच्या इंजिनाच्या आवाजात ती त्यांच्यापर्यंत पोचली नाही. तेवढ्यात बायांनी बाजू दिली आणि जीप पुढं निघाली. मी मागं वळून पाहत राहिले. पाण्याची धार बारीक होत चालली होती, टँकर संपत आला होता, आणि मावशी पाईप उंच धरून शेवटचं पाणी एका पोरसवदा बाईच्या हंड्यात झटकत होत्या. त्यांच्या मागं, भिंतीला टेकून, त्यांच्या स्वतःच्या दोन कळश्या ठेवलेल्या होत्या. दोन्ही रिकाम्या.